साडूच्या नावाचा उखाणा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर राहू द्या, चहा प्या आणि घरी जा. मूर्खपणा कुणाच्या हातून होत नाही? पण लोकांचा निदान घरातल्या घरात होतो. माझा झाला तो भर दारात, निम्म्या तालुक्यासमोर. आणि तोही कधी, तर काम फत्ते झाल्यावर!

दुष्काळ पडला ना, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. कोपरगावच्या बाजारात माझं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टपरी, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या दोन-तीन सायकली. त्यातल्या एकीला ब्रेक नव्हता, ती मी फक्त अनोळखी गिऱ्हाइकाला द्यायचो.

त्या साली आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यानं मोठं प्रदर्शन भरवलं. नाव शेतीचं. नांगर, इंजिनं, खतांची पोती, सगळं मांडलेलं होतं. पण लोक जायचे ते त्याच्या पलीकडच्या रानात. तिथे आकाशपाळणा होता, लाकडी विहिरीत फटफटी फिरवणारा माणूस होता, आरसेमहाल होता, रुळांवरून गोल फिरणारी एवढीशी आगगाडी होती. आमच्याकडच्या लोकांनी असलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. नुसतं वेड लागलं होतं सगळ्यांना.

आत जायला दोन दारं. एक तिकिटाचं. तिथली रांग उसाच्या फडाला वळसा घालून थेट कालव्यापर्यंत जायची. सकाळी रांगेत लागलेला माणूस दुपारी दारात पोचला, तर लोक त्याला नशीबवान म्हणायचे. दुसरं दार सभासदांचं. वर कमान, खाली लाल जाजम, आणि आत पाऊल टाकलं की अंगावर गुलाबपाणी. कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाला एक पास मिळायचा, तो आणि त्याची बायको अशा दोघांचा. रांग नाही, तिकीट नाही. पाळण्यात बसायलाही पहिला मान.

आणि माझा साडू सभासद होता.

रंगनाथ त्याचं नाव. माझ्या बायकोच्या, शेवंताच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही, हीच तर अडचण. वाईट असता तर उघड शिव्या दिल्या असत्या. त्याचं सगळंच चांगलं. पाटपाण्याखालचं रान, टेरिलिनचा सदरा, बुडाखाली फटफटी. सासुरवाडीला गेलो की सासूबाई त्याच्या पुरणपोळीवर तूप ओतायच्या ते पोळी तरंगेपर्यंत, आणि माझ्या पोळीवर ती वाटी नुसती उपडी करून दाखवायच्या. मी त्याच्यावर जळायचो. खोटं कशाला बोलू? थंडीच्या दिवसांत मला शेकोटीची गरज पडत नसे, इतका जळायचो.

त्यात प्रदर्शन भरल्यापासून मेहुणीबाई सारख्या आमच्या घरी. "शेवंते, पाळना वर गेला का आमचं रान दिसतंय गं. सगळा ऊस हिरवागार." माझी टपरी काही दिसत नव्हती त्यांना वरून.

एका रविवारी साडूनं टपरीसमोर फटफटी थांबवली. खिशातून पास काढला.

"एकनाथराव, आमचं बघून बघून झालंय. आज तुमी दोघं जावा. दारात माझं नाव सांगा, म्हंजी झालं."

"कशाला उगाच," असं माझं तोंड म्हणालं. हात मात्र आधीच पुढे गेला होता.

घरी येऊन शेवंताला सांगितलं तर ती म्हणाली, "कशाला ती लबाडी? तिकीट काढू. रांगेत हुबं राहू, शेंगा खाऊ. लोक काय मरत्यात का रांगेत?"

"तुझी बहीण जाजमावरनं गेली. तू फडातनं जानार?"

"मला काय फरक पडतोय?"

तिला पडत नव्हता. मला पडत होता ना! साडूची बायको ज्या दारातून गेली त्याच दारातून माझी बायको गेली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात. शेजारच्या शिंप्याकडून मी कुणा गिऱ्हाइकाचा टेरिलिनचा सदरा मागून आणला. गिऱ्हाईक माझ्या दीडपट असावं. बाह्या बोटांच्या खाली येत होत्या.

तिथे पोचलो तर सभासदांच्या दारालाही रांग! झालं होतं असं, की पास भावकीभर फिरायला लागले होते. एका पासावर अख्खी वाडी आत जाऊन आली होती आणि खरे सभासद बाहेर बोंबलत बसले होते. म्हणून आदल्या दिवसापासून तपासणी सुरू केलेली. टेबल टाकून केनयार्डातला, म्हणजे उसाच्या गाड्या मोजून घेणारा, एक कारकून बसला होता. जाड चष्मा, तोंडात पान, आणि प्रश्नावर प्रश्न.

आमच्या पुढे एक जोडपं होतं. कारकुनानं बाईला विचारलं, "बाई, मालकाचं नाव काय?"

"दत्तू," बाई ठणठणीत आवाजात म्हणाली.

सगळी रांग चपापली. अहो, आपल्याकडे त्या काळी कुठली बायको नवऱ्याचं नाव असं कांदे मागितल्यासारखं घेत होती?

"दत्तू तुमचा कोन लागतो?" कारकुनानं थंडपणे विचारलं. बाई खाली बघायला लागली. दत्तू तिचा धाकटा दीर निघाला. पास त्याचा, आणि बरोबर होता तो त्याचा थोरला भाऊ. दोघांची रवानगी कालव्याकडे.

मी शेवंताच्या कानाशी लागलो. "नाव इचारलं तर बोलायचं न्हाई. नुसतं लाजायचं."

"लाजू कशी? मला भ्या वाटतंय."

"मग भिऊन मान खाली घाल. दोन्ही सारखंच दिसतंय."

आमचा नंबर आला. "नाव?"

"रंगनाथ सखाराम."

"रान कुठं?"

"चारीच्या तोंडालाच. पानी पयलं आमालाच मिळतंय."

"ऊस कुठला?"

"आडसाली, सातशेचाळीस. वरच्या तुकड्यात यंदा खोडवा धरलाय. बांधाला नारळाची झाडं हायती. गोठ्यातली डाव्या अंगाची गाय लाथ मारती. इंजिन गेल्या साली नवं आनलंय, पन खालच्या व्हॉलमधनं पानी गळतंय."

"बास, बास," कारकून म्हणाला. "एवढं आमाला खरं सभासद बी सांगत न्हाईत."

मला काही पाठ करावं लागलं नव्हतं बरं का. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाच्या मालमत्तेशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता. मत्सरासारखा अभ्यास कुठला मास्तर करून घेणार?

मग त्यानं चष्म्यावरून शेवंताकडे पाहिलं. "बाई, मालकाचं नाव?"

शेवंतानं मान खाली घातली ती इतकी, की पदराखेरीज काही दिसेना. कारकून खूश. "हां, ह्या खऱ्या," म्हणत त्यानं दाराला आडवी बांधलेली दोरी उचलायला हात घातला.

तेवढ्यात मागून एक कासोटा घातलेली म्हातारी कडाडली. "आसं कसं? काल माझ्या सुनंला उखाना घ्यायला लावला ह्यांनी. हिला बी लावा!"

झालं. रांगेतल्या सगळ्या बाया सुरू, "घे गं, घे की." कारकुनानं दोरी परत खाली ठेवली. "घ्या बाई, उखान्यात घ्या."

आमच्या शेवंताला उखाणा म्हटलं की घाम फुटायचा. लग्नात तिनं जो घेतला होता, तो गावातली प्रत्येक पोरगी घेते तोच, आणि माझ्या नावापाशी येऊन अडकली होती. पुढे बारशी झाली, डोहाळजेवणं झाली, दर वेळी "मला न्हाई येत" म्हणून हात झटकायची. ती आता इथे, चुकीच्या नवऱ्याचा उखाणा कुठून आणणार?

तिनं माझ्याकडे बघितलं. खरंच घेऊ का, असं डोळ्यांनी विचारलं. मी मान डोलवली. दुसरं करणार काय?

तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पाटाच्या पाण्याला उसाची गोडी,
रंगनाथरावांची नि माझी साता जन्मांची जोडी!"

टाळ्यांचा कडकडाट. म्हातारीनं तर शेवंताच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. कारकून म्हणाला, "वा! जावा रंगनाथराव, जावा आत." दोरी उचलली गेली. माझा एक पाय लाल जाजमावर पडला. गुलाबपाण्याचे दोन थेंब नाकावर आले.

आता बघा, इथे गप्प बसून दुसरा पाय उचलायचा होता. एवढंच काम होतं. एक पाय. पण माझ्या डोक्यात तो उखाणा फिरत होता. साता जन्मांची? रंगनाथरावाशी? म्हणजे एवढी वर्षं हिच्या मनात तो ऊस डोलत होता? मी गर्रकन वळलो.

"का गं, माझं नाव घेताना तुला असं कधी सुचलं न्हाई ते? आन साडूच्या नावाला साता जन्मांची जोडी?"

कारकुनाच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

"साडू?" तो म्हणाला.

शेवंतानं कपाळावर हात मारला. "अवं, तुमीच न्हवं का नाव सांगितलं?"

मला अजूनही कळेना मी काय करून बसलोय. मी आपला चढ्या आवाजात, "नाव सांगितलं. पन इतकं गोड घ्यायला कुनी सांगितलं हुतं?"

इथपर्यंतही निभावलं असतं. पण ती म्हातारी! तिला शेवंताचा उखाणा इतका खरा वाटला होता की तिनं भलताच हिशेब मांडला. "आगं बया! म्हंजी ह्यो मेला साडूची बायको घिऊन फिरतोय की!"

चार धट्टेकट्टे गडी पुढे आले. एकानं माझी बाही धरली. बाही लांब होती म्हणून हात वाचला. मी ओरडतोय, "आवो, ही माझीच बायको हाय!" आणि कुणी ऐकायला तयार नाही. साडूची बायको म्हणून जिला आत न्यायला निघालो होतो, ती माझी आहे हे पटवायची वेळ माझ्यावर आली.

"बाई," कारकून म्हणाला, "खरं सांगा. ह्यो कोन तुमचा? नाव काय ह्याचं?"

शेवंताची परत खाली मान, पदर तोंडाशी.

"अगं, सांग की माझं नाव!" मी अगदी रडकुंडीला आलो.

"कसं सांगू?" ती पुटपुटली. "घेत्यात का तसं, चारचौघांत?"

कारकुनानं लगेच त्या गड्यांना हात केला. "सोडा त्याला. ह्योच खरा नवरा."

तर असा मी सुटलो. पास जप्त झाला. साडूचं काय झालं म्हणता? त्याला दुसऱ्या दिवशी नवीन मिळाला, तोही हसत हसत. असल्या माणसावर जळायचं नाही तर काय करायचं सांगा.

आम्ही कालव्याच्या टोकाला, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो. ऊन डोक्यावर. लांबून पाळण्याचा कुरकुर आवाज यायचा. शेवंतानं शेंगा घेतल्या आणि निम्म्या मला दिल्या. मी विचारलं, "खरं सांग. त्याच्यासाठी कसा सुचला उखाना?"

ती शेंग सोलत म्हणाली, "दाजींचं नाव घ्यायला लाज कशाची? ते काय माझं नवरं हायत? तुमचं नाव तोंडाशी आलं का मला फुडचं सुचतच न्हाई."

मी शेंगा खात बसलो. बरं वाटलं मला, उगाच कशाला लपवू.

पण बातमी आमच्या आधी रांगेत पोचली होती. पुढच्या बाया मागे वळून बघायला लागल्या. "ती उखान्यावाली हीच का गं?" मग हळूहळू सगळ्या गोळा झाल्या आणि आग्रह सुरू. साडूचा घेतलास, आता खऱ्या नवऱ्याचा घे. शेवंता लाजली. या वेळी खरंच लाजली. पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लोंबणाऱ्या बाह्यांकडे बघितलं, आणि म्हणाली,

"आकाशपाळणा फिरतोय, बघते मी लांबून,
एकनाथरावांचं नाव घेते रांगेत थांबून!"

अहो, कालव्यापासून फडापर्यंत सगळी रांग हसून आडवी झाली. नंतर कित्येक दिवस टपरीवर येणारा माणूस हवा भरायच्या आधी तो उखाणा म्हणून दाखवायचा. निम्मा तालुका मला हसत होता. आणि मी काय करत होतो? मी त्या उन्हात छाती काढून उभा होतो, कारण साडूच्या उखाण्यापेक्षा माझ्या उखाण्याला टाळ्या जास्त पडल्या होत्या.