श्रावणातली एकशेपस्तीस

साहेब, तुम्ही मेलेल्या माणसाच्या पायाखालची जागा चोरलीत. तो जिथं उभा होता तिथून त्याला उचललंत आणि तुमच्या सोयीच्या जागी नेऊन ठेवलंत. माणूस गेला, भाऊ भित्रा, बायको रडून थकलेली, आता बोलणार कोण, असा तुमचा अंदाज. तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुमची बदली होईल आणि त्याच खुर्चीत बसून दुसरा कुणी हेच करेल. पण ऐका. ज्याला तुम्ही कठड्यावर चढवलंत, तो काल दुपारी स्वतःच्या घरी आला होता.

दुपारचं जेवण झालंय, म्हणजे चार घास पोटात ढकललेत. शैला खडके स्वयंपाकघरात चटई टाकून कुशीवर पडलीय. उशाशी तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा. झाकणावर वरवंटा. बाहेर सर येते, थांबते, आणि थांबली की पन्हळीतलं पाणी मागच्या दारच्या बादलीत ठिबकत राहतं.

पुढच्या खोलीत तिचा दीर नंदू फोनवर बोलतोय. आवाज खाली, पण घर केवढं!

"हो हो, येतील ना उद्या वहिनी. 'हो'च म्हणतील. नाही, तसल्या नाहीत त्या."

कशाला 'हो' म्हणायचंय? तर एका फोटोला. तिच्या नवऱ्याचा, दिगंबर खडकेचा, हा शेवटचा फोटो, एवढंच साहेबांपुढं कबूल करायचं. मग प्रकरण मिटलं.

दिगंबर गावातला फोटोवाला. नदीकाठी नवी संरक्षक भिंत झाली, भिंतीमागून रस्ता गेला, आणि ऐन श्रावणात ती भिंत रस्त्याचा लचका तोडून खाली बसली. त्यात दिगंबर गेला. भिंत बांधून घेणारी साहेबांची कचेरी म्हणते, तो अडथळे ओलांडून थेट कठड्यावर चढला होता, फोटोच्या नादात. पुरावा काय? त्याच्या कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो. खाली अगदी पायाशी कठड्याची कड, समोर नदी, दोन्ही काठ, पूल, वर हे एवढं आभाळ. सगळं एका चौकटीत. बघणारा म्हणणार, हा बाबा कडेवरच उभा होता.

कॅमेऱ्याची लेन्स पुरात वाहून गेली म्हणतात. नखाएवढं कार्ड मात्र राहिलं. पुराला निवड बरी कळते.

आता जे कचेरीला ठाऊक नाही ते. दिगंबर देव मानायचा नाही, पण श्रावण पाळायचा. लोक कांदालसूण सोडतात, मटण सोडतात, दाढी करायची सोडतात. हा लेन्स सोडायचा. चातुर्मासात लग्नं नसतात, फोटोवाल्याचे हात नुसते शिवशिवतात, तेव्हा त्यानं हे काढलेलं. त्याच्याकडं लेन्स तीनच. श्रावण लागला की एक कॅमेऱ्याला, बाकीच्या दोन बायकोच्या हवाली. महिनाभर काय काढायचं ते त्या एकीनंच. बायकोनं बाकीच्या दोघी फडक्यात गुंडाळून तांदळात खोल पुरायच्या, म्हणजे दमटपणानं काचेला बुरशी धरत नाही. पोळ्याला वर काढायच्या. तोवर त्या डब्याला हात लावायचा नाही, रोजचा तांदूळ दुसऱ्या डब्यातला. "शैले, तुझ्या हातनं उपास सुटू दे," म्हणायचा.

यंदा कॅमेऱ्याला होती एकशेपस्तीस मिलिमीटरची. लांबचं जवळ ओढणारी. समोरच्या माणसाचा फोटो काढायचा तर अंगण ओलांडून पलीकडं जायला लागतं. पहिल्याच मंगळागौरीला हा गडी खेळणाऱ्या बायका मावाव्यात म्हणून मागं मागं सरकत दाराबाहेर, ओट्यावरून खाली, आणि शेवटी समोरच्यांच्या तुळशीवृंदावनावर जाऊन बसला. नव्या नवरीची सासू ओरडली, "फोटोवाले, आता वेशीवर जाऊन उभे राहा, म्हणजे माझं नाक तरी मावेल!"

त्याच लेन्सनं त्याला भिंत दिसली. जवळ गेलं की नुसती चीर दिसते, ती काय कुठल्याही भिंतीला असते. लांबून, पार दूध डेअरीच्या कमानीखालून ओढून बघितलं तर पोट. घरी येऊन म्हणाला, "शैले, भिंत पोटुशी आहे. दिवस भरलेत तिचे." तेच फोटो तो गावभर दाखवत होता. कुणाकुणाला ते झोंबत होतं. कचेरीनं कठड्यापुरते अडथळे लावले आणि बाकीच्या रस्त्यावर 'सुरक्षित' म्हणून पाटी ठोकली.

मग तो कठड्यावरचा फोटो? इतकं सगळं पोटात घेणारी लेन्स त्याच्याकडं एकच, वाइड. आणि ती डब्यात आहे.

असायला हवी.

कारण गेल्या श्रावणात त्यानं शैलाला फसवलं होतं. शेजारच्या बारशाला चोरून डब्यातली साधी पन्नासची लेन्स काढली, फोटो काढले, पुन्हा पुरून ठेवली. शैलानं फोटो बघूनच ओळखलं. पकडला गेला तेव्हा नुसता हसला होता.

झाकण उचललं की कळेल. पण उचललं आणि नसली तर? तर कचेरी खरी, आणि हा आपल्याशी खोटं बोलून मेला. तेरावं परवा झालं. इतके दिवस ती या डब्याला डोकं लावून झोपतेय आणि वरवंटा तिला हलवत नाही.

झापड येते. बादलीतलं टपटप लांब जातं, जवळ येतं. टप. टप. खट्. खट्.

"हलू नको," दारातून आवाज येतो.

दिगंबर उभा आहे. डोळ्याला कॅमेरा, कॅमेऱ्याला एकशेपस्तीस. सदऱ्यावर सिमेंटची धूळ, अंग मात्र कोरडं.

"कधी आलात?"

"आलो कुठं? मागंच चाललोय."

"कॅमेरा काढा डोळ्यावरनं. मला तुमचे डोळे बघायचेत."

"काढला तर तू दिसायची नाहीस."

शैलाला हे बोलणं आवडत नाही. खोटं बोलायचं असलं की माणूस तोंडापुढं काहीतरी धरतो. ती उठते, त्याच्याकडं चालायला लागते. तो तेवढाच मागं सरकतो. पुढची खोली आता लांबच लांब झालीय, एस.टी. स्टँडाएवढी. मधे नंदू फोन कानाला लावून बसलाय, 'हो हो' करतोय, आणि प्रत्येक 'हो'बरोबर त्याच्या तोंडातून सिमेंट सांडतंय.

"पळताय कशाला?"

"पळत नाही गं. तू मावत नाहीस."

पुढचं दार ओलांडलं की मंगळागौरीचं अंगण. बायका फुगड्या घालतायत, पण पायांचा आवाज नाही. ती सासू शैलाचा हात धरते. "अगं, तुझ्या नवऱ्याला विचार, माझं नाक आलं का?" शैला हात सोडवून घेते.

"गेल्या वर्षी पन्नासची चोरलीत ना?"

"चोरली."

"मग यंदा?"

"यंदा काय?"

"काय ते तुम्हाला माहितेय. वाइड."

तो हसतो. तेच हसणं, पकडल्यावरचं.

"हसू नका. लोक तोंडावर म्हणतात, फोटोच्या नादात गेला. सांत्वनाला येतात आणि वर तेच ऐकवतात. मी म्हणते, नाही, त्यांचा श्रावण होता, ते जवळ जाणारच नाहीत. असं मी म्हणते, आणि आतनं मला वाटतं की यांनी मला बनवलं. बायकोला बनवलं तर कुणाला बनवणार नाही माणूस?"

"म्हणजे तुला संशय कुणाचा, माझा का त्यांचा?"

"दोघांचा."

"झकास. तसाच राहू दे."

"मस्करी नका करू!"

"मस्करी कसली. एकट्या माझा असता तर उद्या 'हो' म्हणून आली असतीस."

अंगण संपतं आणि रस्ता सुरू होतो. नदीकाठचा रस्ता, अजून शाबूत. 'रस्ता वाहतुकीस सुरक्षित' अशी पिवळी पाटी, रंग ओला. शैलाच्या हाताला गार काहीतरी लागतं. कठडा. ती भिंतीपाशी उभी आहे. आणि दिगंबर मागं मागं, मागं मागं, अडथळ्यांच्या पलीकडं, पाटीच्याही पलीकडं, पार दूध डेअरीच्या कमानीखाली. बोटाएवढा दिसतोय. शेजारी दुधाचे रिकामे कॅन उपडे घातलेत.

"आता मावलीस!" तो तिथून ओरडतो. खट्.

"तुम्ही तिथं काय करताय? ते म्हणतात तुम्ही इथं होतात. या इथं, कठड्यावर!"

"तिथून काय दिसणार मला? नुसती चीर!"

खाली काहीतरी कण्हल्यासारखा आवाज होतो. कठडा तिच्या हातातून हळूच निघून जातो. दोघांच्या मधला रस्ता मऊ होतो, सरकायला लागतो, पांढरा पडतो. बघते तर तांदूळ. अख्खा रस्ता तांदळाचा, आणि तो कमानीच्या दिशेनं फाटत चाललाय.

"सरका मागं!" शैला घसा फोडून ओरडते. "अहो, मागं सरका!"

"मागंच आहे की गं," तो म्हणतो. आवाज अगदी कानाशी. "अजून मागं कुठं जाऊ?"

तांदूळ तिच्या गुडघ्यापर्यंत आलाय. तो आता समोरच उभा आहे, तोही गुडघ्यापर्यंत.

"घाल हात."

"घालते. आणि नसली तर?"

"तर उद्या जाऊन 'हो' म्हण. आणि मला शिव्या घाल. चांगल्या, माहेरच्या."

"आणि असली तर?"

तो पहिल्यांदाच कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतो. डोळ्याभोवती चौकटीचा लालसर वळ आहे, दिवसभर काम केल्यावर असायचा तसाच. तो बघतोय तिच्याकडं. डोळे थकलेले आहेत, चोरटे नाहीत. पण शैला म्हणते, मेलेल्या माणसाच्या डोळ्यावर तरी किती विश्वास ठेवायचा? ती उजवा हात तांदळात खुपसते, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. बोटांना फडकं लागतं.

"वहिनी. ओ वहिनी, चहा."

नंदू वाकून उभा आहे. कपबशी त्याच्या हातात.

"हे हाताला काय फासलंय?"

शैला बघते. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा. वास घेते. बोरिक पावडर. तांदळाला पोरकिडा लागू नये म्हणून तिनंच चैत्रात चोळलेली, त्या मोठ्या डब्यात. डब्याकडं बघते. झाकण घट्ट. वरवंटा जागच्या जागी, त्याच्यावरची धूळही हललेली नाही.

"भावजी, डब्याला तुम्ही हात लावला होता?"

"मी? तांदळाला? कशाला लावू?"

ती त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघते. मग वरवंटा उचलून खाली ठेवते. झाकण काढते. तोच पांढरा हात आत घालते. तांदूळ गार आहे. खोलवर दोन गाठोडी. एक उघडते, पन्नासची. दुसऱ्याची गाठ दातानं सोडते.

वाइड. तिनंच घातलेलं फडकं, तिनंच लावलेली टोपी.

शैला रडत नाही. "मेल्या," एवढंच म्हणते, "मग हसलास कशाला?"

नंदूनं लेन्स बघितलीय. त्याला फोटोतलं फार कळत नाही, पण भाऊ फोटोवाला होता, एवढं कळतं. त्याचा चेहरा उतरतो.

"वहिनी, हे राहू द्या डब्यात. मोठी माणसं आहेत ती. दादा काही परत येणार आहे का?"

"दादा येऊन गेला. तुमच्या अंगावरनंच गेला, तुम्ही फोनवर होतात."

"वहिनी..."

"ज्यांना सांगत होतात ना मी 'हो' म्हणेन म्हणून, त्यांना लावा परत. म्हणावं, वहिनी येतायत. एकट्या नाही येत."

तिनं हात धुतला नाही. संध्याकाळी भाकरी डाव्या हातानं थापली. मोडली, तशीच खाल्ली.

साहेब, आज ती तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलीय. शिपायानं दोनदा सांगितलं, साहेब कामात आहेत. बसू दे, ती थांबेल. मांडीवर लेन्स आहे, उजवा हात कोपरापर्यंत पांढरा आहे. श्रावण लागल्यापासून ही लेन्स तांदळाखाली होती. दिगंबर खडकेच्या कॅमेऱ्याला जी होती, तिच्यानं तुमचा तो फोटो सात जन्मात निघत नाही. तिच्यातनं पोटुशी भिंत दिसते, आणि ती बघायला डेअरीच्या कमानीखालीच उभं राहावं लागतं, तुम्ही सुरक्षित म्हणून पाटी लावलेल्या रस्त्यावर.

मग कठड्यावर चढून तो फोटो काढला कुणी? मेलेल्याच्या नावावर घातला कुणी? दार उघडा आणि तिच्या हाताकडं बघून सांगा.