न टेकवलेला दोरा

आमच्या मधुमेह केंद्रात तिला सगळे पायवाली सिस्टर म्हणतात. चेहरा विसरेल, पण एकदा पाहिलेला पाय विसरणार नाही. मी तिथली आहारतज्ज्ञ. गोड खाऊन आलेले लोक माझ्यापासून तोंड लपवतात आणि तिच्यापासून पाय.

पाच केंद्रांनी मिळून एक संशोधन हाती घेतलं. रुग्णाच्या तळव्याला नायलॉनचा जाड दोरा टेकवायचा आणि त्याला तो जाणवतो का, ते लिहायचं. चार केंद्रांत शंभरातल्या दहा-बारा जणांचे पाय बधिर निघाले. आमच्याकडे एकतीस! बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं, "सिस्टर, तुमचे आकडे वगळावे लागतील. तुमचा हात चुकतोय."

बावीस वर्षांचं काम एका वाक्यात केराच्या टोपलीत! माझं डोकंच फिरलं. ही बाई मात्र शांत.

"बाकीच्या ठिकाणी दोरा टेकवताना 'लागतंय का' असं विचारतात ना, सर?"

"मग काय, मुक्यानं करायचं?" दुसऱ्या केंद्रातली नर्स फणकारली.

"मी मुक्यानंच करते. केव्हा लागलं ते त्यांनी आपणहून सांगायचं. माझे वडील प्रत्येक तपासणीत 'हो' म्हणायचे, नर्सबाईंना वाईट वाटू नये म्हणून. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला, तेव्हाही त्या नर्सबाईंचीच समजूत घालत होते."

डॉक्टरांना हे पटलं नाही. त्यांना स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह. "माझ्यावर करून दाखवा," म्हणत त्यांनी बूट-मोजे काढले आणि डोळे मिटले.

तिने दोरा टेकवला. "लागतंय का?"

"हो."

मग तिने दोरा सरळ एप्रनच्या खिशात टाकला. आम्ही सगळे बघत होतो. "आता?"

"हो."

"आणि आता?"

"हो, अंगठ्याला."

एरवी मला हसू आवरत नाही. त्या दिवशी आलंच नाही.

"डोळे उघडा, सर."

डॉक्टरांनी तिचे रिकामे हात पाहिले. मोजा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "चारही केंद्रांत तपासणी पुन्हा करायची," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आणि माझीही. तुमच्या पद्धतीनं."

त्यांनी परत डोळे मिटले. काही न विचारता तिने दहा जागी दोरा टेकवला. आम्ही मनातल्या मनात मोजत होतो. डॉक्टर तीनदाच "लागलं" म्हणाले.