बंद लाईनीवरचा शॉक

नोकरीतल्या पुष्कळ केसेस मी विसरले, पण खिशात फ्यूज असताना शॉक बसलेला तो वायरमन अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी नगरला जमादार होते. जिल्ह्यात बाई पोलीस बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे कुठल्या ठाण्यात बाई संशयित आली की मला एस.टी.त बसवून पाठवायचे. या वेळी तिसगावच्या पुढे पाठवलं.

खबर अशी होती. गावाला वीज वाटणारी डीपी बंद करून, तिचे फ्यूज स्वतः काढून वायरमन शेवटच्या खांबावर चढला. तारेला हात लावला आणि खाली फेकला गेला. उजव्या हाताची बोटं भाजली. संशय पिठाच्या गिरणीवाल्या मावशींवर. त्यांनी विजेच्या मोटरीसाठी केलेला अर्ज 'डीपी भरली, नवीन कनेक्शन नाही' म्हणून परत आला होता. त्यावर चारचौघांत त्या वायरमनला म्हणाल्या होत्या, "तुझं हात झडतील." आठवड्यात हा प्रकार. फौजदारसाहेब खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लावायच्या बेतात होते.

ठाण्यातल्या बाकावर त्या पदर आवळून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. समोर उभं राहून विचारलं की माणूस आधी तोंड मिटतो, हा माझा अनुभव.

"मावशी, असं बोललात का?"

"बोलले की. बोलण्यानं करंट बसत असता, तर माझा दीर कवाच गेला असता."

"त्या दुपारी कुठं होतात?"

"गिरणीवर. धा बायका दळणाला हुत्या, इचारा."

विचारलं. खरं होतं. दवाखान्यात वायरमनकडे गेले. त्याच्या खाकी पँटच्या खिशात तिन्ही फ्यूज कंपाउंडरला सापडले होते. मग करंट आला कुठून? साहेब म्हणाले, कुणीतरी डीपीत तार घातली असणार. पण डीपीची पेटी कुलूपबंद होती आणि किल्ली फ्यूजांबरोबरच होती.

मी मावशींना घेऊन गावात गेले. गिरणीला ऑइल इंजिन होतं. मावशींचा नवरा हयात असताना त्याने त्या इंजिनालाच एक डायनामो जोडला होता. ज्यांना कनेक्शन मिळालं नाही अशा सात-आठ घरांत, इंजिन चालू असेपर्यंत, त्यावर बल्ब लागायचे. मी इंजिन चालू करायला सांगितलं आणि शिडीने एका घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढले. तारा या धाब्यावरून त्या धाब्यावर गेलेल्या. एका घराशी मात्र मी थबकले. तिथे खांबावरची सरकारी तारही आली होती, आणि दोन्ही तारा एकाच भोकातून आत उतरत होत्या.

खाली जाऊन त्या घरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडं सरकारी लाईट हाय. हिची कशाला घिऊ?"

अपघातापासून सगळ्या गावाची लाईन बंद होती. मी बटण दाबलं. बल्ब लागला.

मग तिने कबूल केलं. "सरकारी लाईट सारखी जाती, बाई. म्हून हिच्या तारेचं टोक मागितलं. आमच्याच खटक्यात जोडलं."

म्हणजे गिरणी चालू असली की तिचा करंट या घरातून उलटा सरकारी तारेत, पार खांबापर्यंत जात होता.

मावशी गोंधळून गेल्या. "शेजारीण इस्तू मागाय आली तर न्हाई म्हनायचं व्हय? दिला, तिच्या चुलीत गेला. तिथनं माघारी खांबावर जातोय, हे मला काय ठाव?"

गुन्हा तिथेच संपला. वाद संपला नाही. दुसऱ्या दिवशी वीज कचेरीचे इंजिनिअर ठाण्यात आले. हात गळ्यात बांधलेला वायरमनही जबाबाला आला.

"आमची लाईन देते, घेत नाही," इंजिनिअर म्हणाले.

"डीपी भरली म्हून तुमी मला न्हाई म्हनला. मग शेजारनीला मी दिलं, तर तुमचं वझं हलकंच झालं की," मावशी म्हणाल्या.

वायरमन हळू आवाजात बोलला, "मावशे, तुझ्या मनात न्हवतं, हे मी लिहून देतो. पर खांबावर चढायच्या आधी मी कुनाकुनाच्या घरात डोकावू?"

मी त्याचा जबाब अपघात म्हणून लिहिला. शेजारणीची तार पंचांसमक्ष कापली.

आम्ही चार दिवस 'कुणाच्या मनात वाईट होतं' हेच शोधत होतो. कुणाच्याच नव्हतं. पुढे कुठलीही केस आली की मी आधी जागा बघायला शिकले, माणसांची भांडणं नंतर.

आता माझ्या धाब्यावर सोलर आहे. लाईन गेली की तेही आपोआप बंद पडतं, खांबावरच्या माणसासाठी. शेजारी चिडतात, "ऊन असून अंधार." त्यांना मी वायरमनची गोष्ट सांगते. पण त्यांचाच सोलर जोडणीचा अर्ज 'डीपी भरली' म्हणून परत आला. तिथे मला मावशींचं म्हणणं पटतं.

त्या केसच्या पुढच्याच वर्षी दुष्काळी कामावर बंदोबस्ताला गेले, तेव्हा त्या गावावरून गेले. वायरमन खांबाला शिडी लावत होता. शेजारणीची तार कधीच कापलेली, तरी त्याने गिरणीकडे बघून हाक मारली. इंजिन थांबलं. मावशी पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि तो खाली उतरेपर्यंत, दळणाच्या बायका खोळंबलेल्या असताना, खांबाखाली उभ्या राहिल्या.