चित्राखालचं नाव

सुनेत्रा गुप्तेंना चित्रांचं वेड लहानपणापासूनच. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढताना त्या शेजाऱ्यांकडून जुनी कॅलेंडरं मागून आणायच्या आणि त्यातले डोंगर, नद्या, पक्षी जपून कापून ठेवायच्या. पुढे लग्न झालं. नवरा दिनकर, केंद्र सरकारच्या नोकरीतला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोघांनी दिल्लीच्याच कडेला नव्याने वसणाऱ्या द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेतला, तेव्हा पाणी टँकरने यायचं आणि गच्चीवरून मोहरीची शेतं दिसायची. जवळच एक नवी खाजगी शाळा निघाली. तिथं सुनेत्राबाईंना तिसरीचा वर्ग मिळाला आणि कॅलेंडरांच्या कात्रणांनी भरलेली ट्रंकही वर्गात गेली. शब्द सांगण्याआधी चित्र दाखवायचं, ही त्यांची पद्धत. मुलं त्या पद्धतीवर खूश असायची.

शाळेत इंटरनेट आलं तेव्हा बाईंना घबाड सापडल्यासारखं झालं. मागाल तो पक्षी समोर हजर. शाळा सुटल्यावर त्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून राहायच्या, आणि आज घरी यायचा विचार आहे की नाही, असं दिनकर फोनवर विचारायचा. उतरवलेली चित्रं नीट कापून, चिकटवून, झेरॉक्स काढून त्या मुलांना वाटायच्या. चित्राच्या कोपऱ्यात कुणाचं बारीक नाव असलं तर ते मात्र कापून टाकायच्या. पान स्वच्छ दिसावं, एवढाच हेतू.

एका पालकसभेला दत्ता आडनावाचे गृहस्थ आले. त्यांचा मुलगा बाईंच्याच वर्गात होता. सगळे पालक गेल्यावर ते मागे थांबले आणि मुलाच्या वहीत चिकटवलेलं सारसांच्या जोडीचं चित्र त्यांनी बाईंपुढे धरलं.

"हा फोटो मी काढलाय, मॅडम," ते हिंदीत म्हणाले. "खाली माझं नाव होतं."

दत्ता रागावलेले नव्हते. बँकेतली नोकरी सांभाळून थंडीतल्या पहाटे ते पाणथळीवर जाऊन बसत आणि एकेका फोटोसाठी कितीतरी रविवार घालवत. वर्गात शिकवायला फोटो वापरलात तर कायदाही आडवा येत नाही आणि मीही येणार नाही, ते म्हणाले. फक्त नाव ठेवा. आणि कधी छापून विकणार असाल, तर आधी विचारा. पोराने घरी येऊन मला सारस पक्ष्याची माहिती सांगितली, त्याच फोटोवरून, असं सांगताना ते हसलेही. त्या हसण्यानेच बाई जास्त ओशाळल्या. आपण नाव कापलं तेव्हा एक माणूस कापतोय, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून वर्गात नवी शिस्त आली. चित्र कुणी काढलं ते माहीत असेल तर खाली लिहायचं, नसेल तर शोधायचं. मुलांनी हा नियम उत्साहाने उचलला, आणि एकमेकांच्या चित्रांनाही लावला. शेजाऱ्याच्या वहीतला मोर बघून काढला तर खाली त्याचं नाव येऊ लागलं.

त्याच वर्षी प्रिन्सिपल प्रभा सचदेवांनी ठरवलं की बाईंची पानं एकत्र करून पुस्तिका छापायची आणि शाळेच्या सगळ्या शाखांमधून विकायची. बाईंनी सांगितलं की ही चित्रं विकता येणार नाहीत, ती आपली नाहीत. प्रिन्सिपलना हे नखरे वाटले. तेव्हा बाईंनीच मार्ग सुचवला: चित्रं मुलांकडून काढून घेऊ. 'माझं घर, माझी माणसं.' प्रिन्सिपलना कल्पना आवडली. पालकांच्या संमतीच्या सह्याही घेतल्या गेल्या.

सगळ्यात सुंदर चित्र राधाचं निघालं. राधा शेजारच्या पालम गावातली. तिच्या घरच्यांची शेती द्वारकेच्या वसाहतीसाठी सरकारने घेतली होती आणि त्या पैशांवर मुलगी या शाळेत आली होती. तिने दादीला काढलं होतं, खाटेवर बसलेली, पदर मागे सरलेला, हातात हुक्क्याची नळी, आणि डोळे थेट बघणाऱ्याकडे. प्रिन्सिपलनी बघताक्षणी सांगितलं, हे कव्हरवर.

बाईंनी प्रत्येक मुलाला विचारलं होतं, तसंच राधालाही विचारलं. ती मान हलवून नाही म्हणाली.

"क्यों, बेटा?"

"दादी मेरे लिए बैठी थी, मॅडम. सबके लिए नहीं."

बाईंनी आणखी एकदा समजावून पाहिलं. खाली तुझं नाव येईल, दादीचंही येईल. राधाचे डोळे भरून आले, पण उत्तर तेच राहिलं. बाईंनी चित्र परत तिच्या हातात दिलं.

प्रिन्सिपल वैतागल्या. बापाची सही आहे, मग आठ वर्षांच्या पोरीला विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं. शिवाय चित्र काढलं शाळेच्या कागदावर, शाळेच्या कामासाठी. बाई एरवी वरिष्ठांसमोर फार बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मी तिला विचारलं, मॅडम. 'नाही' ऐकायचं नसतं तर मी विचारायलाच नको होतं."

घरी दिनकरने आधी डोक्याला हात लावला. एका चित्रावरून नोकरीत वरिष्ठांशी वाकडं घ्यायचं, हे त्याला पटेना. पण चहा पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "म्हातारी खरंच छान काढलीय का गं?" बाई म्हणाल्या, तू बघितली असतीस तर तूही मागितली असतीस.

पुस्तिका निघाली. कव्हरवर समर्थ नावाच्या मुलाने काढलेली म्हैस आली, पाय जरा आखूड, पण तोंड हसरं. आतल्या प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव होतं. सारसांच्या पानावर दत्तांचा फोटो त्यांच्या परवानगीने छापला, नावासकट. पुस्तिका चांगली खपली. नव्या शाखेत मुख्य शिक्षिकेची जागा निघाली तेव्हा ती मात्र बाईंना मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. काही दिवस वाईट वाटलं, मग नवी तिसरी आली आणि त्या कामाला लागल्या.

पुस्तिका निघाल्यानंतरच्या पहिल्याच पालकसभेला, राधा अजून बाईंच्या वर्गात असताना, तिची दादी स्वतः आली. पायऱ्या चढून धापा टाकत वर्गात शिरली आणि नातीच्या अभ्यासाबद्दल एक अक्षर न बोलता भिंतीवरची सगळी चित्रं सावकाश बघत फिरली. राधा तिचं बोट धरून प्रत्येकाखालचं नाव वाचून दाखवत होती.