वाईनचा मुहूर्त मी काढला

बसा. चहा घ्या, पण घोट आधी गिळा, कारण मी घातलेला घोळ ऐकून ठसका लागायचा! दुसऱ्यांचे घोळ घरोघर पोचवण्यात मालवणात माझा हात धरणारी बाई नाही. हा मात्र माझा स्वतःचा.

शेजारची फिलूबाय आणि मी, आमच्यामध्ये एक कुंपण. तिचा नवरा पास्कू मास्तर दर नाताळला घरीच द्राक्षांची वाईन करायचा नि एक छोटी बाटली आमच्याकडे पाठवायचा. मी काय करायचे? सासूबाईंच्या धाकानं तश्शी परत! वीस वर्षं परत केली हो. फक्त बूच काढून, चोरून वास घ्यायचे. पास्कू म्हणायचा, "एक दिस नाशकाक जातलंय, द्राक्षांच्या मळ्यात बसान वायन पितलंय." तीन वर्षांमागे गेला बिचारा. नाशिक राहिलं ते राहिलंच.

यंदाच्या नाताळनंतर फिलू कुंपणाशी येऊन म्हणाली, "सुमती, तेचा रवला ता मी करतंय. नाशकाक जातंय. येतंस?"

मला! कोल्हापूरच्या पुढे न गेलेल्या मला! सासूबाई आता नाहीत, ह्यांनीही "जा गो" म्हटलं. दुपारभर हातातला नारळ खवायचाच राहिला.

मग तयारी. फिलूच्या लेकीनं पणजीहून फोनवर शिकवलं. पेला दांडीला धरायचा, गोल फिरवायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा.

"थुकूचा?" मी किंचाळले. "इतक्या लांब जाऊन थुकूचा कित्याक गो?"

फिलू म्हणाली, "नवशिक्यांनी थुकूचा. नायतर चवथ्या पेल्याक तू आरती म्हणाक लागशीत!"

सरावाला वाईन कुठली? कोकमाचं आगळ घेतलं पाण्यात कालवून. मागीलदारी आम्ही दोघी, हातात स्टीलचे पेले, आणि माडाच्या बुंध्यावर लाल पिचकाऱ्या! आमचे हे डोकावले नि म्हणाले, "ह्या वयात पान खाऊक लागलास?"

दिवस ठरवायचं काम मी ओढून घेतलं. फिलू म्हणत होती, लेकीला विचारू. मी म्हटलं, "लेकीक काय कळता? कॅलेंडर माझ्या भिंतीर आसा!" चष्मा लावून बसले. सोमवार माझा, बाद. गुरुवार ह्यांचा, बाद. संकष्टीला तर नावच नको. एकादशी बाद. रविवारी चर्चमध्ये फिलूचा मिस. गावची जत्रा आली, बाद. सगळं गाळता गाळता एक शुक्रवार उरला. उपास नाही, तापास नाही आणि वर लाल अक्षरात सुट्टी! म्हटलं, देवानंच ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी तिथं कशी जत्रा भरलेली असेल!

कुडाळहून गाडी धरली, पनवेलला उतरून एसटी. अंग नुसतं आंबून गेलं. पण सकाळी मळ्याच्या रस्त्याला लागलो आणि काय सांगू, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे घड! फिलू नवी साडी नेसलेली, हात मांडीवर घट्ट.

फाटकावरच्या रखवालदारानं नमस्कार केला. "या बाई. मळा बघा, कारखाना बघा. वाईन तेवढी मिळणार नाही."

"म्हणजे? संपली?"

"आज सव्वीस जानेवारी ना. ड्राय डे."

त्याच्या खिशाला छोटा झेंडा टोचलेला. आणि माझ्या पदराला? तोच! सकाळी स्टँडवर मीच हौसेनं विकत घेतलेला! आता सांगा, कॅलेंडरातली संकष्टी दिसते, आणि छातीवरचा झेंडा दिसत नाही?

मला वाटलं, फिलू रडणार. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चल, आत तरी जाऊया."

आत एका मुलीनं दांडीच्या पेल्यात द्राक्षाचा रस दिला. मी पेला फिरवला, हुंगला, घोळवला आणि सवयीनं थुंकले. चांगला गोड रस! मुलगी बघतच राहिली.

मग पिंपांच्या खोलीत नेलं. गार, काळोखी. फिलू दारातच थांबली, डोळे मिटून. "सुमती," ती म्हणाली, "पास्कूच्या खोलयेत नाताळाक असोच वास येय."

मीही श्वास ओढला. तोच वास हो! एक तरी घोट घेतला असता त्याच्या समोर, आणि म्हटलं असतं, मास्तर, बरी झाली. काय बिघडलं असतं? मी पिंपाकडे बघत उभी राहिले.

परतीच्या एसटीत मी हळूच म्हटलं, "फिलू, परत येऊया गो."

"येवया तर! घोट घेतल्याशिवाय मी सोडूचंय नाय."

आता पुन्हा तयारी चाललीय. पेले नवे आणलेत, काचेचे. माझी पिशवीसुद्धा भरून ठेवलीय. पण तारीख? तीनदा कुंपणावरून विचारली, फिलू सांगायला तयार नाही.

"आदल्या दिसाक हाक मारतंय," म्हणते. "तुका आधी सांगलंय, तर सरकार थंयसर त्याच दिसाक दारू बंद करीत!"