काळ्या किनारीतली मिस कोराली

थिर्झा टबच्या तोंडी लागायला लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचे घोडागाडीवालेसुद्धा कचरत. पण मिस्टर फिल्मर यांच्या फोटो स्टुडिओत, माडीवरच्या खिडकीपाशी, ती वर्षानुवर्षं मुकाट्याने नटनट्यांच्या फोटोंच्या कार्डांवर रंग भरत बसे. गालांवर गुलाबी, कानातल्यावर सोनेरी, झग्याला गिऱ्हाइकाला आवडेल तो. अख्खं लंडन तेव्हा या कार्डांपायी वेडं झालं होतं. आल्बममध्ये राणीसाहेबांच्या शेजारी दोरीवरची कसरतवाली चिकटवायची आणि चहाबरोबर पाहुण्यांना दाखवायची, ही बड्या घरांची करमणूक. तीच कसरतवाली दारात आली असती, तर नोकराकरवी हाकलली असती!

त्या सोमवारी तिच्या टेबलावर तिच्याच धाकट्या बहिणीच्या कार्डांचा गठ्ठा येऊन पडला. बहीण कीझाया. रंगमंचावर नाचणारी मिस कोराली.

"रंग राहू दे," फिल्मर म्हणाले. "कडा काळ्या कर."

काळी किनार म्हणजे माणूस गेलं. थिर्झाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोण म्हणतं ती मेली?"

"वर्तमानपत्र म्हणतंय, आशा नाही."

शनिवारी नाचताना कीझायाचा मलमलीचा झगा रंगमंचाच्या कडेच्या गॅसदिव्यांवर पेटला होता. दिव्यांना जाळी लावा म्हणून नाचणाऱ्या पोरी कधीच्या ओरडत होत्या. थिएटरचे मालक गारबट म्हणत, जाळीने पाय झाकले जातात, आणि लोक पायच बघायला येतात.

"आत्ता इस्पितळातूनच येतेय मी," थिर्झा कडाडली. "चार चमचे रस्सा प्यायली, वर नर्सला शिव्या घातल्या. मेलेलं माणूस शिव्या देतं होय हो?"

"देव करो नि वाचो. पण पलीकडच्या दुकानात दुपारपर्यंत काळ्या किनारीची लागतील. मी काय माश्या मारत बसू?"

"मग जिच्यावरून कार्डं छापता, ती तिच्या फोटोची काच द्या मला. चेहरा तिचा आहे."

"चेहरा तिचा, काच माझी. फुकट बसवली होती तिला, विसरलीस?"

विसरेल कशी? पैसे मोजून फोटोला बसलात तर काच तुमची, फुकट बसलात तर दुकानाची, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण फिल्मरांचं फुकटचं बोलावणं आलं, त्या दिवशी दोघी बहिणी एकमेकींना मिठ्या मारून नाचल्या होत्या. पैसे देऊन बसतात ते खाटीक आणि वाणी. बोलावणं येतं ते नावाजलेल्यांना! त्या मानाच्या हौसेत दोघींनी चेहरा लिहून दिला, आणि कागदसुद्धा लागला नाही.

थिर्झाने ब्रश ठेवून दिला. कडा दुसऱ्या बायांनी काळ्या केल्या. कार्डं गरम पावासारखी खपली.

आणि कीझाया वाचली. डावा गाल, मान आणि हात भाजून आवळले होते, पाय मात्र धड होते. नव्या पोरींना नाच शिकवीन, म्हणत ती गारबटांकडे गेली.

"अगं बाई, तुझ्या नावाने मी शोकाचा खेळ लावला," गारबट म्हणाले. "लोक ढसाढसा रडले. आता तू उगवलीस तर म्हणतील, गारबटने फसवलं."

"मग काय करू? मरू?"

"मी कुठं तसं म्हणतोय? नाव बदल. कुठं तरी लांब जा."

दुसऱ्या थिएटरात तर दरवानाने खिशातून कार्डच काढलं. "ही बघ मिस कोराली. बिचारी गेली. तिच्या नावाने भीक मागतेस, लाज नाही वाटत?"

कीझाया घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. थिर्झाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिच्या मस्तकात तिडीक गेली होती.

"ऊठ. उद्या फोटो काढायचा."

"ह्या तोंडाचा?"

"ह्याच. दुसरं कुठून आणायचं?"

थिर्झाने हिवाळ्याचा कोट गहाण टाकला आणि पैसे फिल्मरांच्या टेबलावर आपटले. "आधी हे घ्या. काच आमची."

फोटो निघाला. काच धुऊन उजेडात धरली, तेव्हा फिल्मरांचा आवाज एकदम मधाळ झाला. "थिर्झा, तुझा हात सफाईदार. पेन्सिल घे, काचेवरच गालावरचे नि मानेवरचे डाग बुजवून टाक. मी स्वतः दर्शनी खिडकीत लावतो. आगीतून परत आलेली कोराली! काळ्या किनारीची सगळी कार्डं काढून टाकतो, बोल."

कीझाया काचेवर वाकली. "थिर्झे," ती हळूच म्हणाली, "बुजव ना. एकदाच. निदान मी जिवंत तरी होईन."

थिर्झाने पेन्सिल उचललीसुद्धा. बहिणीपुढे तिचा राग नेहमीच लुळा पडे. "बुजवते," ती म्हणाली. "पण त्या फोटोच्या जोरावर तू दारात उभी राहिलीस की दरवान पुन्हा म्हणेल, ही ती नव्हे. मग?"

कीझायाने तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"उद्यापासून कामाला येऊ नकोस," फिल्मर चिडून म्हणाले.

"आज तरी कुठं आले होते? आज मी गिऱ्हाईक आहे."

पुढच्या शनिवारी, खेळ सुरू व्हायच्या आधी, दोघी नव्या फोटोची कार्डं घेऊन गारबटांच्या थिएटरबाहेर उभ्या राहिल्या. "मिस कोराली, जिवंत!" कीझाया ओरडत होती. "तिच्याच हातून घ्या!"

एका उंच टोपीवाल्या साहेबांनी कार्ड घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत केलं. "मेलेली जास्त छान दिसत होतीस."

"दिसत असेन, साहेब. पण मेलेल्यांना पोट नसतं. मला आहे. घेताय की पुढं होताय?"

साहेब पुढे झाले. त्यांच्या मागे नाचाच्या पोरी कामाला निघाल्या होत्या. पहिलीने कार्ड घेतलं, त्यावरच्या गालावरून बोट फिरवलं आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. तिच्या शेजारी दुसरी बसली. मग सगळ्याच.

तिकिटं खपलेली, प्रेक्षक आत पाय आपटत असलेले. गारबट घामाघूम होऊन बाहेर धावले. "काय तमाशा आहे हा? उठा!"

"ही कोण, ते सांगा," पहिली म्हणाली. "मग उठतो."

"तुम्हाला काय माहीत नाही?"

"आम्हाला आहे. तुम्ही सांगा. मोठ्यांदा."

रस्त्यावर गर्दी जमली होती. गारबटांनी इकडेतिकडे पाहिलं. "मिस कोराली," ते म्हणाले.

"जिवंत की मेलेली?" थिर्झाने विचारलं.

"जिवंत."

"मग एवढे दिवस तुमची जीभ का झडली होती?" थिर्झा म्हणाली. पोरी उठून आत गेल्या, पण थिर्झाचा राग तसूभरही उतरला नाही.