भिका मुकादमाचं पाणी

तुमच्या या पानावर लोक चिंचेखाली उभ्या बायका, पांढरं लुगडं, उलटे पाय असलं काय काय लिहितात. सून मला वाचून दाखवते आणि मी हसतो. माझा जन्म पंप, मोटारी आणि पाइपांत गेला. मोटार बंद पडली तर कॉइल जळालेली असते, नाहीतर वायर सुटलेली असते — भूत बसलेलं मी एकाही मोटारीत पाहिलं नाही. अंगारे, उतारे, देवऋषी या भानगडी मी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत, आजही देणार नाही. तरी हे लिहितो आहे. मी चौथी शिकलेला माणूस. कागदावर मी लिहिलं, सुनेने मोबाईलवर उतरवलं. ती म्हणाली, "आबा, थोडं सुधारून देऊ का?" मी म्हटलं, माझं बोलणं तुला बिघडलेलं वाटतं का? आहे तसं जाऊ दे.

मी पहूरचा, तालुका जामनेर. आणीबाणीच्या आगेमागे आमच्याकडची बरीच माणसं आखातात गेली, त्यात मी होतो आणि माझा चुलतभाऊ सुकलाल होता. देश कुवेत. आम्हाला नेणारा भिका मुकादम, धरणगावचा. तो तिकडे आधीपासून होता, चार शब्द इंग्रजी, चार शब्द अरबी बोलायचा, म्हणून कंपनीने बठ्ठी, म्हणजे सगळी, आपल्याकडची माणसं त्याच्या हाताखाली दिली होती.

कंपनीचं कंपाउंड शहरापासून लांब, वाळवंटात. भोवती उंच भिंत, एकच गेट. गेटातून आत गेलं की साहेब लोकांचे बंगले, मधोमध पोहायचा हौद, बाग. भिंतीच्या मागच्या अंगाला आमच्या पत्र्याच्या खोल्या. पाणी दोन प्रकारचं. गोडं पाणी टँकरने यायचं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. खारं पाणी बोअरचं, ते अंघोळीला आणि संडासाला. दोन टाक्या, दोन लाइनी, आणि त्यांचे पंप माझ्याकडे. फक्त गोड्या टाकीच्या मोठ्या कॉकला साखळी-कुलूप असायचं, त्याची किल्ली मुकादमाच्या कमरेला. ती त्याने कधी कोणाच्या हातात दिली नाही.

ऐन उन्हाळ्यात टँकर यायचा थांबला. रस्त्यात वाळूचं वादळ होतं. टाकीत होतं तेवढंच पाणी. आणि बंगल्यात मोठ्या साहेबाच्या मडमेकडे पाहुणे येणार, हौद भरलेला पाहिजे, असा हुकूम. भिक्याने आमच्या खोल्यांकडची लाइन बंद केली, कॉक बंगल्यांकडे फिरवला आणि कुलूप लावलं. सुकलाल तेव्हा भिंतीबाहेर पाइपासाठी चर खणत होता. जळगावच्या उन्हात वाढलेला माणूस, उन्हाची तक्रार त्याने कधी केली नव्हती. तो खोरं टाकून आला आणि म्हणाला, "भिकाभाऊ, पानी पाह्यजे. जीव कासावीस होऊ राह्यला."

भिका त्याच्या अहिराणीत म्हणाला, "तथा नळ शे ना. पी ले."

तो नळ खाऱ्या पाण्याचा. सुकलाल प्याला, ओकला, परत चरात उतरला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला घाम येणं बंद झालं होतं. मी भिक्याकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, "साहेब नी ऑर्डर शे, धोंडू. तू पंपं संभाय." मी हातोडा आणला आणि कुलूप फोडलं. बादली भरून धावलो तर सुकलाल चराच्या कडेला आडवा पडलेला... तोंडात पाणी घातलं, ते गालावरून खाली वाळूत गेलं.

मोठा साहेब आला. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि झालं ते सगळं सांगितलं. कुलूप, हौद, खारा नळ... सगळं. आता मला इंग्रजी येत नव्हतं. मग साहेबाला माझं बोलणं समजावून सांगणार कोण? भिका मुकादमच! मी एवढं सांगितलं आणि त्याने साहेबाला दोन वाक्यांत सांगून टाकलं. साहेबाने नाक वर केलं, सुकलालच्या तोंडाचा वास घेतल्यासारखं केलं आणि निघून गेला. नंतर कळलं, भिक्याने सांगितलं होतं की माणसं चोरून दारू गाळतात, हा ती पिऊन उन्हात पडला.

प्रेत गावी आलं नाही. तिकडेच आटोपलं. वर हा भिक्या हिवाळ्यात रजेवर आला, तेव्हा मुद्दाम पहूरच्या बाजारात येऊन बसला आणि चहाच्या दुकानात सांगत सुटला — काय करणार, आवरत नव्हता, दारूने गेला बिचारा. सुकलालच्या गळ्यात माळ होती. तो देवाचा प्रसाद म्हणून सुद्धा कधी दारूचा थेंब घ्यायचा नाही. मी रजेवर जाणाऱ्या एकाबरोबर खरी हकीकत सांगून पाठवली होती, पण तिकडून कोट घालून आलेल्या मुकादमापुढे ती कोण ऐकतो? सुकलालच्या बायकोला, म्हणजे इंदूवहिनींना, पाणवठ्यावर बाया विचारायच्या, घरी पन पेत व्हता का गं?

आता पुढचं नीट वाचा.

आली आखाजी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी मातीची घागर पाण्याने भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, रस-पोळीचा घास विस्तवावर टाकतात. उन्हाळ्याचे दिवस, मेलेल्याला तहान लागू नये म्हणून. कुवेतमध्ये ते करायची सोय नव्हती, पण सुट्टीचा वार होता, म्हणून जामनेरच्या शांतारामने, तो आमचा मेसवाला, उलट्या कढईवर मांडे केले होते. डब्यातला आंब्याचा रस होता.

"शांत्या, हे मांडे आहेत का टॉवेल?" कोणीतरी म्हणालं.

"खाय गुमान. तुझी बायको नाही इथं, मी हाये."

हसणं चाललं होतं. भिका मुकादम नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाला बसलेला. मी त्याच्या पंगतीला बसत नसे, ताट घेऊन खिडकीशी उभा होतो. त्याने पोळी खाल्ली, जगमधून ग्लास भरला, तोंडाला लावला आणि फर्रकन सगळं टेबलावर उडवलं.

"हाई काय शे? खारं पानी पाजस का रे माले?"

सगळ्यांनी त्याच जगमधलं घेतलं होतं. शांताराम म्हणाला, "मुकादम, गोडं आहे हो, आत्ताच भरलं."

भिक्याने माझ्याकडे बोट केलं. "धोंडू! तूच खारी लाइन जोडी दिन्ही. भाऊ ना सूड लेस का?"

मी ताट ठेवलं, त्याच्यासमोर गेलो, त्याचाच ग्लास उचलला आणि रिकामा केला. गोडं पाणी. चांगलं गार, गोडं. मी म्हटलं, "मुकादम, मला सूड घ्यायचा असता तर मी हातोडा घेऊन आलो असतो. पाण्यात लबाडी करणारा मी नाही. तो धंदा तुझा." त्याने दुसरा ग्लास भरला, परत थुंकला. बाटलीतलं सोडा-लेमन उघडलं, ते थुंकला. चहा थुंकला. "बठ्ठं खारं शे! तुमनी जीभ मरी गयी का?" असं ओरडत तो टाकीकडे पळाला, कुलूप काढून ओंजळीने प्याला आणि तिथेच ओकला. सुकलाल ओकला होता तसाच. मला वाईट वाटलं का? खोटं लिहिणार नाही. नाही वाटलं.

इंजिनियर साहेबाने टाकीचं पाणी तपासलं, चांगलं निघालं. कंपनीच्या डॉक्टरने भिक्याची जीभ, घसा, रक्त सगळं पाहिलं, काही निघालं नाही. तो काकड्या चोखून आणि नाक दाबून घोट घेऊन दिवस काढायला लागला. ओठ फुटले, डोळे आत गेले. शेवटी कंपनीनेच त्याला घरी लावून दिलं. गेटातून गाडी निघाली तेव्हा आमच्यातला एकही माणूस निरोप द्यायला गेला नाही.

पावसाळ्यात मला रजा मिळाली. घरी आलो, इंदूवहिनींना भेटायला गेलो आणि भिक्याची ही गंमत सांगितली. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"कोन्या दिवशी झालं हे, भाऊजी?"

"आखाजीला. जेवणाच्या वेळी."

"मी दोन घागरी भरल्या व्हत्या आखाजीले."

"दुसरी कोणाची? काकूची?"

"भिक्याची."

"वहिनी, तो जिता आहे!"

"मले माहीत नाही का? जिता हाये म्हनूनच भरली. मेल्यावर त्याचं मी काय करू?"

मी आमच्याकडे जित्या माणसाच्या नावाने घागर भरलेली ना पाहिली ना ऐकली. वहिनी म्हणाल्या, घास टाकताना त्या एवढंच बोलल्या होत्या — माझ्या माणसाला तहानेने मारलंस, आता माझ्या हातचं सोडून तुला जगात कुठलं पाणी गोड लागायचं नाही. लोकांना वाटलं दुसरी घागर सासूची, म्हणजे आमच्या गेलेल्या काकूची आहे. मी ऐकून घेतलं आणि उठलो. तिकडची दुपार आणि इकडची दुपार यात अंतर असतं, हे मलाही कळतं. मी घड्याळं जुळवत बसलो नाही. दिवस तोच होता.

मी रजेवर असतानाच तो आला. भर दुपारी, एसटीने, म्हाताऱ्या आईचा हात धरून. म्हातारीनेच त्याला आणलं होतं. तिने घरी त्याला खोदून खोदून विचारलं म्हणे, तू कोणाला पाण्यावाचून ठेवलं होतंस का? शेवटी त्याने सुकलालचं नाव सांगितलं. वहिनींच्या ओट्यासमोर तो उभा राहिला, त्याचा तो कोट अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता.

"वहिनी, पानी दे व," तो म्हणाला.

वहिनी आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि ओट्यावर स्वतःजवळ ठेवला. मग गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "या व बायांनो, मुकादम आले, कुवेतचे." पाणवठ्यावर बोलणाऱ्या होत्या त्या सगळ्या आल्या. चहाच्या दुकानातले पुरुष आले.

"आता बोल. माझा मानूस दारू पेत व्हता का?"

तो खाली पाहत राहिला. म्हातारी म्हणाली, "बोल ना रे भडव्या, उनमा उभी शे मी."

"नही," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"सुकलाल दारू पेयेल नव्हता. कुलूप मी लावं व्हतं. पानी मी दिन्हं नही."

वहिनींनी त्याला ओंजळ धरायला लावली आणि वरून पाणी ओतलं. तो पहिला घोट घाबरत प्याला. मग थांबलाच नाही, हनुवटीवरून, कोटावरून पाणी गळत होतं आणि तो पीतच होता. "गोड शे, माय," असं आईला म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. बायांनी डोळ्याला पदर लावला. मी नाही रडलो.

लोकांना वाटलं, फिटलं. पण धरणगावला पोचल्यावर त्याच्या घरचं पाणी परत खारं. तो दुसऱ्या दिवशी हजर. वहिनींनी नाही म्हटलं नाही, पण पाण्याआधी परत वदवून घेतलं. त्याने कळशी भरून न्यायचा प्रयत्न केला, गल्लीच्या बाहेर गेली की ती त्याला खारी. शेवटी बायको-लेकाला घेऊन तो पहूरला भाड्याच्या खोलीत येऊन राहिला, आणि मरेपर्यंत राहिला. रोज ओट्यासमोर यायचा, म्हणायचा, "सुकलाल पेयेल नव्हता, कुलूप मी लावं," आणि प्यायचा. शाळेत जाणाऱ्या पोरींना ते पाठ झालं होतं. गावातले शहाणे वहिनींना सांगायला गेले, इंदूबाई, आता पुरे. त्या म्हणाल्या, मी कुठं त्याले बोलावते? लोक मग माझ्याकडे आले, धोंडूभाऊ, तुम्ही सांगा. मी म्हटलं, माझ्या भावाला तिसऱ्यांदा पाणी मागायला मिळालं नव्हतं. चालू द्या.

माझा पुतण्या दवाखान्यात कामाला आहे. तो म्हणतो, काका, हा मनाचा आजार, guilt मुळे जिभेची चव जाते. असेल. पण वहिनींनी घागर भरली हे त्या दिवशी कुवेतला कोणाला ठाऊक होतं? आणि वहिनींनी काय शब्द टाकला हे त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, मग फक्त वहिनींच्याच हातचं गोड, हे त्याच्या जिभेला कसं कळायचं? मला ते सांगता येत नाही.

भिक्या जायला टेकला तेव्हा मी कायमचा घरी आलो होतो. त्याचा लेक वहिनींना बोलवायला आला — बाबाच्या तोंडात पाणी घालायचं आहे, चला. वहिनी तांब्या घेऊन निघाल्या, मी मागे गेलो. तो खाटेवर पडला होता, डोळे उघडे, पण वाचा गेलेली. वहिनी उशाशी बसल्या. तांब्या हातात, आणि थांबून राहिल्या.

लेक म्हणाला, "काकू, त्याले आता बोलता येत नाही."

"मले दिसतंय."

तरी त्या थांबल्या. भिक्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याची बायको कपाळ बडवायला लागली. मग त्या पोराने हात जोडले आणि बापाच्या वतीने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुकलालकाका पिलेले नव्हते. माझ्या बापाने कुलूप लावलं होतं."

वहिनींनी तांब्या वाकवला. पाणी आत गेलं, त्याचा गळा एकदा हलला आणि तो संपला. ते पाणी दुसऱ्याच्या तोंडून मागितलेलं होतं. त्याला गोड लागलं की खारं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर बघत होतो... काही कळलं नाही.